छातीवर देश, बाहीवर कंपनी: भारतीय खेळातल्या पैशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, पालक, तालमी आणि क्लब चालवणारे कार्यकर्ते, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातले लोक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘भारतात खेळाला पैसा नाही’ हे अर्धंच खरं आहे. पैसा आहे, पण तो बहुतेक वेळा पदक मिळाल्यावर येतो आणि खेळाडूला तो लागतो त्याच्या चार-सहा वर्षं आधी. तो आधी कसा मिळवायचा, यावर या पानाचा जास्त भर आहे.

भारतीय क्रिकेट संघ देशाचा की बीसीसीआयचा?

प्रतिनिधित्व देशाचं, व्यावसायिक हक्क मंडळाचे. बीसीसीआय ही तमिळनाडूच्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली खासगी संस्था आहे. स्थापना १९२८ची, मुख्यालय मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या आवारात. २००५ साली झी टेलिफिल्म्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की राज्यघटनेच्या कलम १२च्या अर्थाने बीसीसीआय ‘राज्यसंस्था’ ठरत नाही. पण मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे जानेवारी २०१५च्या निकालात पक्कं झालं. ‘टीम इंडिया’ हे नाव वापरायला बंदी घाला, अशी याचिका ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली.

आता राहिला हिशेबाचा मुद्दा. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात माहितीचा अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांनाच लागू केला आहे, तोही त्या मदतीच्या वापरापुरता. बीसीसीआय अनुदान घेत नाही, म्हणून ती या तरतुदीबाहेर राहते. देशाचं नाव छातीवर लावून जे उत्पन्न उभं राहतं, त्याचा हिशेबही नागरिकाला मागता आला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रायोजकाचं नाव कधी छातीवर दिसतं, कधी बाहीवर. असं का?

द्विपक्षीय मालिकेत, म्हणजे भारत-इंग्लंड वगैरे, जर्सीचे हक्क मंडळाच्या हातात असतात, म्हणून प्रायोजकाचं नाव छातीवर मोठं येतं. विश्वचषक किंवा आशिया चषकात छातीवरची जागा देशाच्या नावासाठी राखलेली असते, प्रायोजक बाहीवर जातो. या एका नियमाने किंमत निम्म्याहून खाली येते. सप्टेंबर २०२५च्या निविदेत बीसीसीआयने किमान दर ठेवले होते ते असे: द्विपक्षीय सामन्याला साडेतीन कोटी, आयसीसी किंवा एसीसीच्या (आशियाई क्रिकेट परिषदेच्या) सामन्याला दीड कोटी रुपये. बाहीचं माप लहान असतं आणि कॅमेरा फलंदाजाच्या एकाच बाजूवर जास्त वेळ असतो, हे सगळं त्या फरकात मोजलेलं असतं.

भारतीय संघाच्या जर्सीचे प्रायोजक टिकत का नाहीत?

यादी पाहिली की कारण दिसतं. विल्सनंतर २००१पासून २०१३पर्यंत सहारा, २०१४पासून २०१७पर्यंत स्टार, मग ओप्पो (मोबाइल), २०१९मध्ये बायजूज (ऑनलाइन शिकवणी), २०२३मध्ये ड्रीम११ (ऑनलाइन गेमिंग) आणि सप्टेंबर २०२५पासून अपोलो टायर्स. त्या-त्या काळात ज्या धंद्यात झपाट्याने पैसा येत होता, तो धंदा छातीवर आला. झपाट्याने येणारा पैसा तसाच जातोही.

ओप्पोने २०१७मध्ये पाच वर्षांसाठी १,०७९ कोटींचा करार केला आणि दोन वर्षांतच तो बायजूजकडे वळता केला. बायजूजकडे १५८ कोटींहून अधिक थकबाकी राहिली, म्हणून बीसीसीआय दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. जगातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळालासुद्धा वसुलीसाठी तिथे जावं लागलं. ड्रीम११चा ३५८ कोटींचा करार २०२६पर्यंत होता, पण ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आणि करार संपला. त्यानंतरच्या आशिया चषकात संघ प्रायोजकाशिवाय खेळला. मग अपोलोने सुमारे ५७९ कोटींना हक्क घेतले.

नव्या निविदेत मद्य, तंबाखू, सट्टा, पैशांचे ऑनलाइन गेम आणि क्रिप्टो या धंद्यांना बंदी होती. शिवाय बँका, विमा, शीतपेयं, पंखे-मिक्सर-कुलपं आणि क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कंपन्याही बाद होत्या, कारण त्या गटांत मंडळाचे आधीचे प्रायोजक आहेत. गावच्या स्पर्धेलाही हेच लागू होतं: एका दूध डेअरीचं नाव मुख्य फलकावर घेतलं असेल, तर दुसऱ्या डेअरीची कमान घेऊ नका. तसं घेतल्याने पहिल्या प्रायोजकाने उरलेला हप्ता अडवला, अशी भांडणं नेहमीची आहेत.

‘चिनी कंपनी नको’ म्हणून प्रायोजक बदलता येतो का?

येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. चिनी मोबाइल कंपनी व्हिवोने २०१८ ते २०२२ या काळासाठी आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्व २,१९९ कोटींना घेतलं होतं, म्हणजे वर्षाला साधारण ४४० कोटी. जून २०२०मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली, लोकांचा संताप झाला, ऑगस्टमध्ये व्हिवो त्या हंगामापुरती बाजूला झाली. जागा भरली ड्रीम११ने, २२२ कोटींत. निम्मं उत्पन्न गेलं. आणि ड्रीम११च्या मूळ कंपनीत चीनच्या टेन्सेंटची गुंतवणूक होतीच. २०२१ला व्हिवो परत आली, २०२२पासून टाटा आली आणि २०२४ ते २०२८साठी टाटाने २,५०० कोटी मोजले.

ऑलिंपिकच्या बाबतीत निर्णय जास्त ठाम होता. टोकियोच्या तोंडावर, जून २०२१मध्ये, भारतीय ऑलिंपिक संघटनेने ली-निंग या चिनी पोशाख कंपनीला बाजूला केलं आणि खेळाडूंच्या पोशाखावर कोणत्याच कंपनीचं नाव नसेल असं जाहीर केलं. लोकभावनेचा मान राखायचा असेल तर तो करार करण्याआधी राखावा. ऐन वेळी प्रायोजक सोडला की फटका खेळाडूंच्या साहित्याला आणि मापाच्या पोशाखांना बसतो.

ऑलिंपिकमध्ये खेळाडूच्या अंगावर प्रायोजक का दिसत नाही?

ऑलिंपिक सनदेचा नियम ५० तसं करू देत नाही. पोशाख बनवणाऱ्या कंपनीचं ठरावीक आकाराचं चिन्ह चालतं, बाकी जाहिरात नाही. नियम ४० खेळाडूच्या नावाचा आणि छायाचित्राचा वापर स्पर्धेच्या काळात मर्यादित करतो. पॅरिससाठी हा काळ १८ जुलै ते १३ ऑगस्ट २०२४ होता. २०१९नंतर नियम थोडा सैल झाला आहे: वैयक्तिक प्रायोजक आगाऊ कळवून सर्वसाधारण जाहिरात चालू ठेवू शकतो, खेळाडू ठरलेल्या मर्यादेत आभार मानू शकतो. पण ऑलिंपिकची वलयं, पदक, स्पर्धेचं नाव यांपैकी काहीही जाहिरातीत नको.

इथे चुकतात ते स्थानिक प्रायोजक. पदकाच्या दुसऱ्या दिवशी शहरातला सराफ किंवा बिल्डर खेळाडूचा फोटो, वलयं आणि आपला लोगो एकत्र छापून अभिनंदनाचे फलक लावतो. त्याने तो प्रेमाने लावलेला असतो, पण कागदावर ती जाहिरात ठरते आणि खुलासा द्यायची वेळ खेळाडूवर येते. प्रायोजकाशी पहिल्याच बैठकीत हे बोलून घ्या.

जर्सीवर किंवा स्पर्धेच्या फलकावर तिरंगा छापता येतो का?

जपून. तीन कायदे लक्षात ठेवा.

१९७१चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा: २००५च्या दुरुस्तीनंतर तिरंगा पोशाखावर कमरेच्या वर, सन्मानाने वापरता येतो. कमरेखाली, रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर, आतल्या कपड्यांवर नाही. झेंड्यावर अक्षरं लिहिणं चुकीचं. स्टेडियममध्ये तिरंग्यावर गावाचं, मंडळाचं किंवा खेळाडूचं नाव रंगवून नेणारे अनेक असतात. त्यांना हे माहीतच नसतं. अवमान सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

२००५चा राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा कायदा: अशोकस्तंभाचे सिंह परवानगीशिवाय छापायचे नाहीत. तालुका संघाच्या ब्लेझरवर सिंह शिवून घेण्याची हौस अनेकांना असते. ती टाळा.

१९५०चा चिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा कायदा: व्यापारासाठी राष्ट्रध्वजाचा वापर केंद्राच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आणि या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. कुस्तीच्या मैदानाच्या फलकावर महाराजांना वंदन असणं वेगळं आणि प्रायोजकाच्या मालाच्या जाहिरातीत महाराजांचं चित्र असणं वेगळं. फलकाची रचना करतानाच वंदनाचा फलक आणि प्रायोजकांचा फलक वेगवेगळे ठेवा, वाद राहत नाही.

सरकार खेळाडूला थेट पैसा देतं का?

देतं, टप्प्यांनी. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला सुमारे ६.२८ लाख रुपये खर्चाची तरतूद असते. त्यातले महिन्याला १० हजार खेळाडूच्या हातात येतात, बाकी रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार यांवर अकादमीमार्फत जाते. वरचा टप्पा टॉप्सचा, म्हणजे २०१४मध्ये सुरू झालेल्या ऑलिंपिक पोडियम योजनेचा: मुख्य गटाला महिना ५० हजार, विकास गटाला २५ हजार हातखर्च, शिवाय परदेशी सराव, साहित्य आणि तज्ज्ञ यांचा मंजूर झालेला खर्च. पैसा येतो १९९८मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा विकास निधीतून, ज्यात कंपन्या आणि नागरिकही देणगी देऊ शकतात.

अडतं ते या दोन टप्प्यांच्या आधी. राज्य पातळीवर चौथा-पाचवा येणारा सतरा वर्षांचा मुलगा कुठल्याच यादीत नसतो आणि त्याच वयात खर्च वाढतो. नेमबाजीतल्या ५० मीटर थ्री पोझिशन रायफलचं उदाहरण घ्या. पात्रता फेरीत ६० गोळ्या: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २०. सरावात दिवसाला शंभर आणि महिन्याला वीस दिवस धरले तर वर्षाला २४ हजार गोळ्या. रायफल, जाकीट, रेंजचं भाडं, परवान्याची धावपळ आणि स्पर्धांचा प्रवास वेगळा. कुस्तीत हाच खर्च खुराकाचा असतो, आणि तो सुट्टीच्या दिवशीही थांबत नाही.

पदकानंतर एवढी बक्षिसं मिळतात, मग तक्रार कशाची?

वेळेची आणि क्रमाची. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ला हेलसिंकीला जाताना वर्गणी गोळा करावी लागली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, मिरवणूक निघाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. त्याला राज्याने सुरुवातीला एक कोटी जाहीर केले. त्याच्या महिनाभर आधी, टी-२० विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघासाठी राज्याने ११ कोटी जाहीर केले होते, ज्या संघाला बीसीसीआयने स्वतः १२५ कोटी दिले होते. क्रिकेटपटूंचा आनंद साजरा करायला कुणाचा विरोध नव्हता. पण सार्वजनिक पैसा जिथे गरज सर्वात कमी तिथे गेला, हे म्हणायला हवं.

केंद्राचे दर ऑलिंपिक सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख, कांस्याला ३० लाख. हरियाणाचे सहा, चार आणि अडीच कोटी. हे आकडे चांगले आहेत, तरी एका कांस्यपदकाच्या अडीच कोटींत अनेक होतकरू नेमबाजांची वर्षभराची गोळ्यांची सोय होते.

मग आजवर खेळाडू जगले कशावर?

नोकरीवर. भारतीय खेळाचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी कौतुक झालेला प्रायोजक म्हणजे रेल्वे, सेनादलं, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम. कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे महार रेजिमेंटचा. पगार, सरावासाठी रजा, प्रशिक्षक, वैद्यकीय सोय आणि निवृत्तीनंतरची खात्री हे सगळं एका नेमणूकपत्रात येतं. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यात सर्वाधिक अर्ज बाद होतात ते प्रमाणपत्र पडताळणीत, कारण स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसते किंवा किती संघ-खेळाडू उतरले याची नोंद नसते. स्पर्धेला जाण्याआधी संघटनेची मान्यता तपासा आणि निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घ्या. दहा वर्षांनी ती मिळत नाही.

सीएसआर आणि स्पॉन्सरशिप एकच ना?

नाही. सर्वात जास्त प्रस्ताव इथेच नाकारले जातात, म्हणून थोडं सविस्तर.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार, आदल्या वर्षी ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक अट जरी पूर्ण होते, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परिशिष्ट सातमध्ये खेळ आहे, पण शब्द नीट वाचा: ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या वाढीसाठी *प्रशिक्षण*. बक्षीस समारंभ नाही, सामने नाहीत.

२०२१च्या नियमांत आणखी स्पष्ट आहे. कंपनीला आपल्या मालाचा प्रचार मिळावा म्हणून दिलेली प्रायोजकत्वाची रक्कम सीएसआरमध्ये धरता येत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम धरता येत नाहीत, हे मंत्रालयाने २०१४च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम चालत नाही. भारताबाहेरचा खर्च चालत नाही, पण याला एक मोलाचा अपवाद आहे: राष्ट्रीय पातळीवर राज्याचं किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूचं परदेशातलं प्रशिक्षण. हा अपवाद कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही बरेचदा माहीत नसतो. प्रस्तावात नियमाचा उल्लेख करून लिहा.

म्हणजे तुमचा कबड्डीचा वर्षभराचा प्रशिक्षण वर्ग सीएसआरमध्ये बसतो. तीन दिवसांची कबड्डी स्पर्धा, कमान आणि टी-शर्टवर लोगो, ही स्पॉन्सरशिप. ती मागायची ती कंपनीच्या मार्केटिंग विभागाकडे. दोन्ही एकाच पत्रात मागितली की पत्र दोन्ही विभागांत फिरून परत येतं.

सीएसआर निधीसाठी आमच्या संस्थेला काय लागतं?

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनी असणं, प्राप्तिकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक. हा क्रमांक १ एप्रिल २०२१पासून सक्तीचा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे लेखे वेळेवर सादर केलेले हवेत आणि विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज प्रलंबित नसलेले बरे, कारण कंपनीचा वकील आधी तेच पाहतो.

प्रस्ताव चार पानांत संपवा. कोणती मुलं, किती, कोणत्या वयाची, निवड कशी करणार. आठवड्याचे किती तास सराव, प्रशिक्षकाची पात्रता काय. खर्च दरडोई मांडा: आहार, साहित्य, प्रशिक्षकाचं मानधन, प्रवास, विमा, वैद्यकीय तपासणी. शेवटी मोजता येतील अशी उद्दिष्टं. ‘ऑलिंपिक पदक मिळवून देऊ’ असं लिहू नका. ‘चाळीसपैकी तीस मुलं वर्षअखेर सरावात टिकतील, आठ जिल्हा निवडीला उतरतील’ असं लिहा, ते तपासता येतं. बहुतेक कंपन्यांची तरतूद एप्रिल ते जूनमध्ये ठरते. जानेवारी-फेब्रुवारीत उरलेला पैसा खर्च करण्याची घाई असते तेव्हाही संधी मिळते, पण तेव्हा कागद तयार असलेल्यालाच.

प्रशासकीय खर्चावर कंपनीला स्वतःच्या एकूण सीएसआरच्या पाच टक्क्यांची मर्यादा असते. प्रशिक्षकाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे, कार्यालयीन खर्च नव्हे. तो चुकीच्या रकान्यात टाकल्याने चांगले प्रकल्प कापले जातात.

संस्था नाही, एकटा खेळाडू आहे. कुणाकडे जायचं?

ऑलिंपिक खेळात असाल तर ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट, गोस्पोर्ट्स फाउंडेशन, पुण्याची लक्ष्य यांसारख्या संस्था आहेत. कंपन्यांचा पैसा त्यांच्यामार्फत खेळाडूपर्यंत पोचतो. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी २००१मध्ये सुरू केलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट ही त्यात सर्वात जुनी. या संस्था वर्तमानपत्रातली कात्रणं बघत नाहीत. मागच्या दोन-तीन वर्षांची कामगिरी, वयोगटातलं राष्ट्रीय स्थान, दुखापतींचा इतिहास आणि प्रशिक्षकाचा वर्षभराचा आराखडा मागतात. दुखापत लपवू नका. त्यांचा फिजिओ पहिल्या तपासणीत ओळखतो.

करारावर सही करण्याआधी काय पाहायचं?

वकिलाला दाखवा, पण स्वतःही या गोष्टी वाचा.

१. मुदत आणि मक्तेदारी. सोळा वर्षांच्या मुलाशी दहा वर्षांचा व्यवस्थापन करार करू पाहणारे दलाल आहेत. दोन वर्षांहून लांब पल्ल्याला नकार द्या. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार रद्दबातल असतो, म्हणून पालकांची सही घेतात. अठरा पूर्ण झाल्यावर नवा करार करावा लागतो, आणि भाव पुन्हा ठरवायची संधी तीच.

२. पैसे कधी. ‘हंगाम संपल्यावर’ हा शब्द खोडा. निम्मी रक्कम सहीच्या वेळी, बाकी तारखेनिशी हप्त्यांत. मोठी रक्कम असेल तर बँक गॅरंटी मागा. वर बायजूजचं झालं ते वाचा.

३. संघटनेच्या प्रायोजकाशी टक्कर. राष्ट्रीय शिबिरात संघटनेचाच पोशाख घालावा लागतो. तुमच्या बुटांच्या कंपनीला हे लेखी कळवलेलं असावं.

४. दुखापत झाली किंवा निवड हुकली तर काय. बहुतेक छापील करारांत इथे प्रायोजकाला पूर्ण सूट असते. किमान सहा महिने रक्कम चालू राहील अशी अट घाला.

५. नाव, छायाचित्र आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टची संख्या. करार संपल्यावर जुनी जाहिरात किती दिवस दिसू शकते, हेही लिहून घ्या.

कर किती कापला जातो?

प्रायोजकाकडून खेळाडूला मिळणाऱ्या रकमेवर साधारण १० टक्के टीडीएस कापतात. विवरणपत्र भरलं तर जास्तीचा परत मिळतो. अनेक खेळाडू भरत नाहीत आणि पैसे तसेच राहतात. सरकारने मान्य केलेल्या पुरस्कारांना प्राप्तिकरात सूट आहे. कंपनीने कौतुकाने दिलेल्या रकमेला किंवा गाडीला ती सूट आपोआप मिळत नाही.

प्रायोजकत्वावर जीएसटी १८ टक्के. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल आणि घेणारा न्यास, सोसायटी किंवा व्यक्ती असेल, तर तो कर प्रायोजकानेच उलट आकारणीने भरायचा. जिल्हा, राज्य, विभाग किंवा देशाचे संघ उतरणाऱ्या, राष्ट्रीय महासंघाच्या किंवा त्याच्याशी संलग्न संघटनेच्या स्पर्धेचं प्रायोजकत्व करमुक्त आहे. तेच सामने एखाद्या खासगी मंडळाने घेतले तर कर लागतो. संलग्नतेचं पत्र फाइलमध्ये ठेवा, कंपनीचा लेखापाल पैसे सोडण्याआधी ते मागतोच.

राज्य सरकार प्रायोजक होऊ शकतं का?

ओडिशाने करून दाखवलं. सहारा बाजूला झाल्यावर २०१८पासून ओडिशा सरकार पुरुष आणि महिला दोन्ही राष्ट्रीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे, आणि ते २०३६पर्यंत वाढवलं आहे. दीर्घ मुदत हाच त्याचा गुण. टोकियोत ४१ वर्षांनी हॉकीचं पदक आलं, त्यामागे ही सलगता होती.

कधी कधी आपले खेळाडू तिरंग्याशिवाय का उतरतात?

बहुतेक वेळा संघटनेच्या कारभारामुळे. डिसेंबर २०१२मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित झाली आणि सोची २०१४च्या उद्घाटनात आपले खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली चालले. ऑगस्ट २०२३मध्ये कुस्ती महासंघाने वेळेत निवडणुका घेतल्या नाहीत, जागतिक संघटनेने निलंबन केलं, आणि सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघाल या कुस्तीगीर मुलीने कांस्य जिंकलं ते तटस्थ खेळाडू म्हणून. देशप्रेमाची भाषणं देणाऱ्या पदाधिकाऱ्यांना निवडणुकीची तारीख विचारावी, ती जास्त महत्त्वाची. प्रायोजकांनीही विचारावी: संघटना निलंबित झाली तर हप्ते थेट खेळाडूच्या प्रशिक्षणाकडे वळवता येतील, असं कलम करारात घालता येतं.

मुलगी अमेरिकेत वाढली, ओसीआय (परदेशी पारपत्र असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड आहे. भारताकडून खेळेल का?

नाही. २००८च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने धोरण केलं की भारतीय पारपत्र असलेला नागरिकच देशाचं प्रतिनिधित्व करेल. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे परदेशी पारपत्र सोडावं लागेल. आयपीएलसारख्या व्यावसायिक लीगमध्ये परदेशी खेळाडू म्हणून उतरता येतं, तो वेगळा रस्ता आहे. पारपत्र बदलण्याआधी त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रतीक्षा कालावधीही तपासा. दुसऱ्या देशाकडून आधी खेळलेल्या खेळाडूला काही खेळांत त्यानंतर बराच काळ थांबावं लागतं.